मामांची स्पिटफायर आणि स्टीअरिंगचा प्ले

स्टीअरिंगमधला प्ले, म्हणजे ढिलेपणा, एका रात्रीत येत नाही, हीच त्याची खरी अडचण आहे. ब्रेक लागला नाही तर त्याच क्षणाला कळतं, क्लच जळाला तर वास येतो, पण स्टीअरिंग रोज केसभर ढिलं होत जातं आणि आपला हात रोज केसभर जास्त फिरवायला शिकतो, आणि मग एखाद्या दिवशी दुसरंच कुणीतरी गाडी घेऊन शिवाजी पुलापर्यंत जाऊन येतं आणि उतरता उतरता विचारतं, अरे ही सरळ जातच नाही की, तू कशी काय चालवतोस हिला?

आमची गाडी म्हणजे ट्रायम्फ स्पिटफायर, मार्क थ्री, 1296 सीसी, दोन सीटं आणि वर कापडी टप. मामांची. मुंबईत कुणा परदेशी साहेबानं मागं ठेवलेली, मामांनी घेतली आणि कोल्हापुरात आणली, तेव्हा मी शाळेत होतो. मामा गेल्यावर मामीनं किल्ली माझ्या हातात दिली, म्हणाली, विकू नको आणि नुसती झाकून पण ठेवू नको. एवढंच. गाडी चालवायचीच हे मामांचं म्हणणं होतं आणि ते मला मनापासून पटतं. आपल्या गावात दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक, ती जुनी मोटार, दसरा चौकात येते तेव्हा लोक का खुळे होतात? ती अजून स्वतःच्या चाकांवर चालत येते म्हणून. ट्रकवर घालून आणली असती तर कोण बघायला गेलं असतं.

पण चालवायची म्हणजे पुढची चाकं आपण सांगू तिकडंच वळली पाहिजेत, आणि हे काम मी इतर कुठल्याही कामाच्या वर ठेवतो. पेंट, सीट कव्हर, क्रोम, हे सगळं नंतर. लोक जुनी गाडी हातात आली की पहिल्यांदा रंगाला नेतात, मला ते कधी कळलेलंच नाही.

स्पिटफायरचं स्टीअरिंग मुळात फार गुणी आहे. हे मॉडेल पहिल्यांदा आलं 1962 ला, पण पुढच्या चाकांचं सस्पेन्शन आणि स्टीअरिंग 1959 च्या ट्रायम्फ हेराल्डचं. तीच हेराल्ड 1961 पासून मद्रासला स्टँडर्ड कंपनी बनवायची, आपल्याकडच्या जुन्या डॉक्टरांच्या, वकिलांच्या दारात असायची ती. दोन्ही गाड्यांचं डिझाइन जिओवानी मिकेलोत्ती या इटालियन माणसाचं. साधं रॅक अँड पिनियन, मध्ये गिअरबॉक्सबिअरबॉक्स काही नाही, पिनियन म्हणजे स्टीअरिंगच्या टोकाचं छोटं दातेरी चाक, रॅक म्हणजे आडवा दातेरी दांडा; पिनियन फिरला की रॅक सरकतो, रॅक सरकला की चाकाकडं जाणारा टायरॉड, टायरॉड सरकला की चाक. आणि पुढची चाकं इतकी वळतात की गाडी 25 फुटांच्या आसपास पूर्ण गोल फिरते. महाद्वार रोडच्या आतल्या गल्लीत मामा एका दमात गाडी वळवायचे आणि आजूबाजूचे लोक थांबून बघायचे, ते मला स्पष्ट आठवतं.

आता बिघाड कुठून सुरू झाला ते सांगतो. ऑगस्ट 2019 चा महापूर. पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट आणि पाणी गेलं 55 च्या वर, शाहूपुरीत आमच्या गॅरेजमध्ये चाकाच्या मध्याच्या वर पाणी. इंजिन वाचलं, इलेक्ट्रिकल बऱ्यापैकी वाचलं, त्यामुळं सगळ्यांना वाटलं सुटलो. पण रॅकच्या दोन्ही टोकांना जे रबरी बूट असतात, घड्या घड्यांचे, त्यातला एक आधीच चिरलेला होता. त्यातनं पुराचं पाणी आत, पाण्याबरोबर ती बारीक काळी गाळाची माती, आणि बूट बाहेरून अगदी धड दिसत होता कारण चीर घडीच्या आतल्या बाजूला. पुढं गाडी चालत राहिली आणि ती माती आतल्या ग्रीसमध्ये मिसळून दातांना घासत राहिली. दोन रुपयांचं रबर म्हणून आपण ज्याकडं बघत नाही त्यानं अख्खा रॅक खाल्ला. पुरात गाडी बुडलेल्या प्रत्येकाला मी सांगतो, गाडी जुनी असो नाहीतर नवी, बूट ताणून घडीच्या आत बोट घालून बघा.

आमचे मेस्त्री उद्यमनगरातले. वय झालंय, आता रोज काम करत नाहीत, पण मामांपासूनची गाडी म्हणून येतात. त्यांनी पहिल्या दिवशी एकही पाना हातात घेतला नाही. मला आत बसवलं आणि म्हणाले, "दादा, स्टीरिंग फकस्त दोन बोटं हिकडं, दोन बोटं तिकडं हलवायचं. जास्त न्हाई. मी थांब म्हणस्तवर." आणि स्वतः पोतं टाकून खाली झोपले. मी हलवत राहिलो. खालनं आवाज नाही, काही नाही. मग थोड्या वेळानं मला खाली बोलावलं आणि आत त्यांच्या पोराला बसवलं, आणि माझा अंगठा धरून एकेका जॉइंटवर ठेवला.

हे वाचून कळायचं नाही, पण तरी सांगतो. जॉइंट धड असेल तर त्याचे दोन्ही भाग एकदमच हलतात आणि अंगठ्याला काहीच लागत नाही. जॉइंट गेलेला असेल तर एक भाग आधी हलतो आणि दुसरा क्षणभर थांबून मग येतो, आणि त्या मधल्या क्षणात अंगठ्याखाली बारीकसा टक् लागतो. डोळ्याला तो दिसत नाही, कानाला पण बऱ्याच वेळा नाही. उजवीकडचा बाहेरचा टायरॉड एंड, टक्. रॅकच्या टोकाचा आतला बॉल, टक्. मग त्यांनी माझा हात रॅक चासीला जिथं यू-बोल्टनं बांधलाय तिथं ठेवला, तर तिथं अख्खा रॅकच डावी-उजवीकडं सरकत होता, कारण त्या यू-बोल्टखालची रबरं इंजिनच्या गळक्या तेलानं फुगून लोण्यासारखी मऊ झालेली. मग वर कॉलम, म्हणजे स्टीअरिंगचा दांडा, त्याची नायलॉनची बुशं घासलेली, खाली कपलिंगचं रबर तडकलेलं.

म्हणजे प्ले एका जागी नव्हता, सगळीकडं थोडा थोडा होता. आणि बहुतेक गॅरेजात चूक होते ती इथंच, टायरॉड एंड बदलून देतात, गाडी आठवडाभर बरी वाटते, परत तेच. गिऱ्हाईक म्हणतं मेस्त्रीनं फसवलं, मेस्त्री म्हणतो पार्ट डुप्लिकेट होता. पार्ट चांगलाच असतो बऱ्याचदा. एका ठिकाणचा ढिलेपणा काढला की शेजारचा उघडा पडतो, त्यामुळं पहिल्या दिवशी नुसतं शोधायचं, खोलायचं नाही, हा मेस्त्रींचा नियम मला आता पूर्ण पटलेला आहे.

मग जॅक लावला. चाक डावी-उजवीकडनं धरून हलवलं, तो प्ले स्टीअरिंगचा. वर-खाली धरून हलवलं, तो प्ले बॉल जॉइंटचा, बेअरिंगचा नाहीतर ट्रनियनचा. आत ब्रेक दाबायला सांगितला, ब्रेक दाबला की हब जाम होतो आणि बेअरिंगचा प्ले हिशोबातनं निघून जातो. ब्रेक दाबूनसुद्धा चाक वर-खाली हलत होतं. मेस्त्री गप्प झाले.

ट्रनियन म्हणजे काय ते सांगायला पाहिजे, कारण या गाडीचा जीव त्यात आहे. चाकाला धरणारा जो उभा लोखंडी दांडा असतो, व्हर्टिकल लिंक, त्याच्या वरच्या टोकाला साधा बॉल जॉइंट आहे. पण खालच्या टोकाला बॉल नाही, तिथं आटे पाडलेत आणि तो दांडा एका पितळी-कांशाच्या ठोकळ्यात चक्क स्क्रूसारखा बसतो. गाडी वळवली की दांडा त्या आट्यात थोडा फिरतो. डाव्या बाजूचे आटे आणि उजव्या बाजूचे आटे एकमेकांच्या उलटे. ही करामत अ‍ॅल्फर्ड अँड अ‍ॅल्डर या इंग्लिश कंपनीची, आणि ती इतकी हलकी आणि नेमकी होती की लोटस या इंग्लिश कंपनीनं आपल्या एलान या स्पोर्ट्स कारला हाच प्रकार वापरला. वाईट डिझाइन असतं तर लोटसवाल्यांनी हात लावला नसता.

फक्त त्याला तेल लागतं. ग्रीस नाही, तेल, 90 नंबरचं गिअर ऑइल, दर 6000 मैलांनी, प्लग काढून निपल लावायचा आणि गनमध्ये तेल भरून वरनं बाहेर येईपर्यंत दाबायचं. आणि इथंच सगळं गणित बिघडतं, कारण निपल दिसला की आपल्याकडं काय, जगात सगळीकडंच, माणूस ग्रीस मारतो. ग्रीस वरच्या वर बसतं, सुकतं, आट्यांच्या तळापर्यंत जातच नाही, आणि मग खाली पाणी साठतं. पाणी साठलं की गंज, गंजला की दांडा आट्याच्या वरच्या कडेला कमजोर होतो आणि एक दिवस तिथंच तुटतो. तुटला की चाक आडवं होऊन मडगार्डखाली जातं. हळू चालताना झालं तर लाज जाते, पन्हाळ्याच्या उतारावर झालं तर माणूस जातो.

खोलायला वेळ लागला. ट्रनियनचा आडवा बोल्ट आतल्या लोखंडी बुशाला गंजून एकजीव झालेला, तो एक्सा ब्लेडनं दोन्ही बाजूंनी कापूनच काढावा लागला. टायरॉड एंडचा टेपर, म्हणजे आर्मच्या भोकात घट्ट बसलेला निमुळता भाग, मात्र मेस्त्रींनी ज्या पद्धतीनं सोडवला ते बघण्यासारखं होतं. पुलर होता, तो घेतलाच नाही. नट थोडा ढिला केला, पूर्ण काढला नाही, आणि आर्मच्या डोळ्याच्या, म्हणजे त्या भोकाच्या, एका बाजूला एक जड हातोडा टेकवून धरला आणि बरोब्बर समोरच्या बाजूनं दुसऱ्या हातोड्याचा एकच घाव. टप् करून जॉइंट खाली नटावर. रबराला ओरखडा नाही, आट्याला धक्का नाही. तो डोळा क्षणभर दबून लंबगोल होतो आणि टेपरची पकड सुटते, एवढंच त्यात आहे, पण घाव नेमका समोरासमोर पडला पाहिजे.

रॅक केरोसीनमध्ये धुतला. मधले दात घासलेले, टोकाचे जवळजवळ नवे. हे असंच होतं, कारण गाडी सगळ्यात जास्त वेळ सरळच जाते आणि मधलेच दात झिजतात. आता रॅकला पिनियनवर दाबणारा एक प्लंजर असतो, स्प्रिंगचा, खाली शिम, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्या. शिम कमी करून दाब वाढवला की मधला प्ले जातो. पण मग पूर्ण वळण घेताना, जिथं दात झिजलेलेच नाहीत, तिथं रॅक आवळतो आणि स्टीअरिंग स्वतःहून परत येत नाही. घाटात हेअरपिनवर स्टीअरिंग परत आलं नाही तर काय होईल याचा विचार करा. म्हणून झिजलेला रॅक आवळून चालवणं मला मान्यच नाही. शिवाय आमच्या रॅकवर पुराच्या पाण्याचे खड्डे पडलेले. इचलकरंजीत एका ओळखीच्यांच्या वाड्यात हेराल्ड पडून होती, इंजिन नाही, दारं नाहीत, पण रॅकचे बूट शाबूत. मापं घेतली, दात मोजले, बसायची जागा ताडून बघितली, जमलं. आतलं ग्रीस वाळलेलं होतं पण दात चकचकीत. त्या घरच्यांनी पैसे घेतले नाहीत, गाडी चालू झाली की आजोबांना एक चक्कर मारून आणा म्हणाले, ती मारून आणली.

आता व्हर्टिकल लिंक. डावी बरी दिसत होती, उजवीचे वरचे आटे गंजलेले. वायर ब्रशनं साफ केल्यावर तशी तीही चांगलीच दिसायला लागली. माझा एक मित्र गोकुळ शिरगाव एमआयडीसीत मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे, त्यांच्याकडं फोर्जिंगच्या पार्टांची क्रॅक टेस्ट होते. दोन्ही लिंक त्याच्याकडं नेल्या. पार्टमध्ये चुंबकत्व निर्माण करतात, त्यावर लोखंडाचे बारीक चमकणारे कण मिसळलेलं पाणी सोडतात, आणि अंधाऱ्या केबिनमध्ये अल्ट्राव्हायोलेट दिवा लावतात. कुठं तडा असेल तर कण तिथं गोळा होतात. डावी लिंक आत धरली, सगळी निळी-काळी, काही नाही. उजवी धरली, हळूहळू फिरवली आणि शेवटच्या आट्याच्या मुळाशी एक हिरवी रेघ उजळली. केसापेक्षा बारीक, पाऊण इंचाची असेल. मित्र काही बोलला नाही, फक्त बोट ठेवलं. साधा दिवा लावून उजेडात परत बघितलं तर तिथं काहीही दिसत नव्हतं, नखानं सुद्धा लागत नव्हतं. या दांड्यावर मी मामीला बसवून जोतिबाला जाऊन आलेलो.

इथून पुढं जे झालं त्यासाठीच खरं तर हे सगळं लिहायला बसलोय. कोल्हापूर म्हणजे काहीही बनवून देणारं गाव. बाबूराव पेंटरांनी याच गावात सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला, 1918 च्या सुमारास. आपल्या फाउंड्र्या, आपले ऑइल इंजिनवाले, उद्यमनगरातल्या दहा बाय दहाच्या शेडमध्ये लेथवर बसलेला माणूस, नमुना दाखवा आणि संध्याकाळी पार्ट घेऊन जा. मला त्याचा अभिमान आहे आणि तो राहणारच. त्यामुळं पहिला विचार साहजिकच आला, आपणच बनवू. एक जण म्हणाला वेल्डिंग भरून परत आटे पाडतो. दुसरा म्हणाला ईएन चोवीस या कडक पोलादाच्या रॉडमधनं नवीनच काढतो, हुबेहूब. आणि काढलीही असती, त्याच्या हाताबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

मेस्त्रींनी नाही म्हणून सांगितलं. "ह्यो काढंल, आटे बी वरिजनलपेक्षा भारी पाडंल. पर दादा, त्यो फोर्जिंगचा माल हाय, दाबून घडवलेला, आन् ह्यो रॉड कापून काढणार. दिसाय सारखंच दिसतंय. तुटतंय येगळं. आन् वेल्डिंगचं तर नावच काढू नगा." मग त्या लेथवाल्याकडं बघून म्हणाले, "तू करून दे, पर मग ह्येंच्याबरोबर पन्हाळ्याला जाऊन ये आधी, तुझी पोरं घिऊन." लेथवाला चिडला नाही. थोडा वेळ लिंक हातात फिरवत राहिला आणि म्हणाला, बरोबर हाय मेस्त्री, ह्यो नको. त्याच्याबद्दलचा माझा आदर त्या दिवशी दुप्पट झाला.

तर मग वाटणी झाली. इंग्लंडहून मागवलं ते असं: दोन्ही व्हर्टिकल लिंका, दोन्ही ट्रनियन, टायरॉड एंड, वरचे बॉल जॉइंट. डावी लिंक टेस्टला पास होती तरी बदलली, कारण दोन्ही एकाच पुरात बुडालेल्या. ड्यूटी भरताना पोटात गोळा आला, पण वेळ आली तर तेवढे पैसे मी पुन्हाही भरीन. आणि कोल्हापुरात बनवलं ते: कॉलमची बुशं नायलॉनच्या रॉडमधनं, ट्रनियनची खालची बुशं, त्यातले लोखंडी स्लीव्ह, शिमा, यू-बोल्ट, रॅकखालची रबरं साच्यात घालून. ही कुठलीही वस्तू झिजली तर गाडी हळूहळू ढिली होते, एकदम चाक जात नाही. लिंक किंवा टायरॉड एंड तुटला तर चाकच हातातनं जातं. माझ्या दृष्टीनं रेघ तिथं पडते, बनवता येतं की नाही यावर नाही. बनवता येणारं सगळंच बनवायचं, या हट्टापायी मी जुन्या गाड्यांवर वेल्ड केलेले स्टीअरिंग आर्म बघितलेत, वरनं काळा रंग मारून झाकलेले, आणि असल्या गाड्या हौसेनं रॅलीत पोराबाळांना बसवून फिरवतात. ते बघून संताप येतो.

बसवताना लिंक ट्रनियनमध्ये पूर्ण आवळायची आणि मग मागं घ्यायची, नाहीतर वळताना खाली जाऊन अडते. बोल्टाला कॉपर ग्रीस, म्हणजे पुढच्या माणसाला एक्सा ब्लेड लागू नये. अलाइनमेंटला गाडी कुठं नेलीच नाही. मेस्त्रींनी गाडीच्या दोन्ही बाजूंनी मागच्या चाकापासून पुढं सुतळी ताणली आणि पट्टीनं पुढच्या रिमचा पुढचा आणि मागचा गाळा मोजला, चाकं पुढून किंचित आत ठेवली. नंतर मित्राच्या हट्टापायी कॉम्प्युटरवर चेक केलं तर हात लावायची गरज पडली नाही. आणखी एक गोष्ट ते करतात, चाकाचे स्टीअरिंग आर्म वाकलेत का बघतात. दोन्ही आर्मची रेघ मागं वाढवली तर मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्याकडं गेली पाहिजे, ही आकरमनची पद्धत, 1818 सालच्या पेटंटची, घोडागाडीसाठी म्युनिकच्या लांकेनश्पेर्गरनं काढलेली. म्हणजे वळताना आतलं चाक जास्त वळतं, बाहेरचं कमी, आणि टायर घासत नाही. मेस्त्रींना यातलं कुठलंही नाव माहीत नाही, पण सुतळी ते बरोबर तिथंच धरतात.

गाडी आता वाघबीळच्या वळणाला कशी जाते विचाराल, तर विचार करायच्या आत जाते. स्टीअरिंग हलकं आहे, रस्त्यावरचा बारीक खडा पण तळहाताला कळतो आणि हात सैल सोडला की आपोआप सरळ होतं. मामी शेजारी बसली होती, तिनं दाराची कड धरली नव्हती, एवढं मला पुरेसं आहे.

एका गोष्टीवर मात्र मेस्त्रींचं आणि मित्राचं अजून जुळत नाही. रॅकखालच्या रबरांच्या जागी अ‍ॅल्युमिनियमचे ठोकळे बसवायचे असं मित्राचं म्हणणं, तिकडं इंग्लंडात बरेच जण तसं करतात, रॅक अजिबात हलत नाही, स्टीअरिंग आणखी धारदार होतं. मेस्त्री म्हणतात रबर काढलं की खड्ड्याचा दणका सरळ रॅकच्या दातावर आणि कॉलमवर जाणार. मी दोघांचं ऐकलं आणि रबरच ठेवलं. रंकाळ्याकडनं फुलेवाडीपर्यंतचा रस्ता पावसाळ्यानंतर कसा असतो ते मला माहीत आहे. तेल गळायचं बंद केलंय, त्यामुळं ही रबरं टिकतील. नाहीच टिकली तर साचा उद्यमनगरात ठेवलेला आहे.